सहा ते सात शांतता

फोन आला तेव्हा सकाळचे सात वाजून वीस मिनिटं झाली होती. मी नुकताच पहाटेच्या ध्यानवर्गावरून घरी आलो होतो, पायातले बूट काढले होते आणि सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, चहाचा कप समोर ठेवला होता. फोन पांढुर्ण्याहून होता. माझी मोठी बहीण शालूताई, तिची सून पल्लवी बोलत होती, आणि इतक्या हळू बोलत होती की मला दोनदा विचारावं लागलं. "मामाजी, आई अजून उठल्या नाही. सहाले बसल्या होत्या. हाक नाही मारली, तुम्ही सांगून ठेवलं होतं म्हणून... हात लावू का?"

त्या क्षणी मला काय वाटलं ते खरं लिहितो. मला आनंद झाला. जिला पूर्वी पाच मिनिटं एका जागी बसवत नव्हतं ती माझी बहीण आज तास उलटून गेला तरी उठलेली नाही, म्हणजे तिचं ध्यान लागलं, आणि ते मी लावलं, असा तो आनंद होता. मी म्हणालो, "नको, हात नको लावू. बसू दे अजून दहा मिनिटं." "पण मामाजी..." ती म्हणाली. मी तिला पुढं बोलू दिलं नाही. "काही होत नाही. मी सांगून राहिलो ना." मग मी चहा प्यायलो. चहात आलं जरा जास्त झालं होतं आणि मी तसं सुनंदाला सांगितलंही. दहा मिनिटं व्हायच्या आत दुसरा फोन आला. तो भाऊजींचा होता, आणि त्यात दोनच शब्द होते. "बंडू, ये."

सौंसरहून पांढुर्ण्याला जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा आंबिया बहारानं फुलल्या होत्या. एरवी त्या फुलांच्या वासासाठी मी गाडी हळू करतो. त्या दिवशी मी नाकातोंडावर रुमाल बांधला आणि गाडी पळवली. सुनंदा मागे बसली होती. पंधरा दिवसांपूर्वी आमच्या घरात ती एक गोष्ट बोलली होती आणि मी तिला गप्प बसवलं होतं. तीच गोष्ट तिनं आता पुन्हा काढली असती, मला चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं असं मला वाटत होतं. तिनं माझा खांदा तेवढा घट्ट धरून ठेवला होता.

शालूताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. आम्ही मूळचे बोरगावचे. वडील शाळामास्तर, घरात पाढ्यांचा धाक. ताई त्या धाकालाही भ्यायची नाही. मला आठवते ती परकर खोचून संत्र्याच्या बागेच्या काटेरी कुंपणातून आत शिरणारी, राखणदार ओरडला तर उलट त्यालाच "काका, पाणी देता का जरासं?" विचारणारी. मी मात्र भित्रा. विहिरीकडे जायचं तर ती पुढे आणि मी तिच्या ओढणीचं टोक धरून मागे. पुढे ती पांढुर्ण्यात प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली, तिथंच वह्या-पुस्तकांचं दुकान असलेल्या भाऊजींशी तिचं लग्न झालं आणि एकेका वर्गात साठ-साठ पोरं तिनं नुसत्या नजरेवर बसवली. मी सौंसरला खेळाचा मास्तर झालो. माझ्या गळ्यात शिट्टी पाहिली की ती हसायची. "तुले शिट्टी लागते रे. मले लागत नाही." हे सगळं अशासाठी सांगतो की तिला पुढे जे झालं ते भित्र्या स्वभावानं झालं असं कोणाला वाटू नये. तसा स्वभाव असलाच तर तो माझा होता.

ताईच्या निवृत्तीनंतर सात-आठ महिन्यांची गोष्ट. नागपूरला जायला म्हणून ती पांढुर्ण्याच्या फलाटावर उभी होती. न थांबणारी एक गाडी धडधडत समोरून गेली, नेहमीच जाते तशी. आणि ताईचे हातपाय गार पडले, छाती धडधडायला लागली, घशाला कोरड, आपण आता इथंच मरणार अशी खात्री. बाकाची लोखंडी पट्टी तिनं अशी धरली होती की दोन बायांना तिची बोटं सोडवावी लागली. गाडी केव्हाच निघून गेली होती, पण तिच्या आतली थांबायलाच तयार नव्हती. त्या दिवसापासून हे मागे लागलं. भाजी चिरताना, देवासमोर, कधी कशाचं काही नसताना. गॅसचं बटण ती तीन-तीनदा बघायची. आम्ही सौंसरला परतलो की अर्ध्या वाटेपासून फोन सुरू. "पोचला का रे?" पोचलो म्हटलं तरी "आवाज असा काहून येऊन राहिला तुहा?" गोटमारीच्या, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून दगडफेक चालते त्या मेळ्याच्या, तर आदल्या दिवशीच ती पिशवी घेऊन आमच्याकडे येऊन बसायची. लहानपणी नदीकाठच्या गच्चीवरून ती मेळा डोळे फाडून बघणारी हीच मुलगी, यावर माझा विश्वास बसायचा नाही.

भाऊजींनी सगळं केलं. जामसावळीच्या हनुमानाला नेऊन आणलं, मग नागपूरला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. तिथं हृदयाच्या तपासण्या झाल्या आणि हृदय ठणठणीत निघालं. हा मनाच्या घाबरण्याचा आजार आहे, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं, गोळ्या दिल्या आणि जोडीला श्वासाचे व्यायाम करा म्हणाले. "हृदय ठणठणीत" हे दोन शब्द आमच्या घरानं देवघरात ठेवल्यासारखे जपले. डॉक्टरांनी ते त्या दिवसापुरते सांगितले होते. आम्ही ते कायमचे धरले.

श्वासाचे व्यायाम म्हटल्यावर मी पुढे सरसावलो. काही वर्षांपूर्वी आम्हा खेळशिक्षकांचं पंधरा दिवसांचं एक प्रशिक्षण झालं होतं. त्यात ध्यान, श्वास, शरीर सैल सोडणं असं बरंच शिकवलं होतं. त्या पंधरा दिवसांच्या भांडवलावर मी सौंसरच्या सामुदायिक भवनात पहाटेचा वर्ग सुरू केला. दहा-बारा माणसं यायची, मला "ध्यानवाले सर" म्हणायची, आणि मला ते आवडायचं. आयुष्यभर पोरांना पळवून दमवलं, आता म्हाताऱ्यांना बसवून निववत होतो. ताईला शिकवायला मी दर रविवारी पांढुर्ण्याला जाऊ लागलो. चार मोजून श्वास आत, सहा मोजून बाहेर. पायाच्या बोटांपासून सुरुवात करून एकेक अवयव आवळायचा आणि सोडायचा, पार कपाळापर्यंत. गुडघ्यांमुळे तिला जमिनीवर बसवत नव्हतं, म्हणून आतल्या खोलीत कोपऱ्यात हाताची खुर्ची ठेवली. पहिल्या रविवारी ती म्हणाली, "तुह्या शिट्टीनं पोरं उभी राहत होती. माह्या काळजाले काय शिट्टी देशीन तू?" आकडे मोजताना तिचं मन पळायचं. मग तिनंच युक्ती काढली. श्वासागणिक ती अडीचकीचा पाढा म्हणायला लागली, मनातल्या मनात. "अडीचकीत लक्ष हललं की चूक होते. चूक झाली की पहिल्यापासून. बाबांचा नियम," असं म्हणाली आणि हसली. कित्येक महिन्यांनी हसली होती.

आणि गुण आला. हे मी आज कोणाच्याही तोंडावर सांगेन. वर्षभरात ती पुन्हा रेल्वेनं नागपूरला गेली. झटका येतोय असं वाटलं की जिथं असेल तिथं बसायची, डोळे मिटायची, पाच-सात मिनिटांत उठायची. डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या. गोटमारीच्या दिवशी ती पहिल्यांदा स्वतःच्या घरात थांबली आणि संध्याकाळी मला फोन करून म्हणाली, "झालं रे, पार पडलं. पाढा नऊ वेळा म्हटला." मी सुनंदाकडे बघून मिशीला पीळ दिला होता. श्वासानं माझ्या बहिणीला तिचं आयुष्य परत दिलं होतं. चूक श्वासाची नव्हती.

चूक कुठं सुरू झाली ते मला नेमकं सांगता येतं. ताईच्या घरात तिला कोणी बसू देत नव्हतं. ती डोळे मिटून बसली की भाऊजी दार ढकलून विचारायचे, "चहा घेतं का?" मिक्सर सुरू व्हायचा, टीव्हीवर भजनं लागायची, चार वर्षांची नात येऊन मांडीवर चढायची. ताईनं माझ्याकडे तक्रार केली. तर एका रविवारी मी सगळ्यांना पुढच्या खोलीत उभं केलं, शाळेत करायचो तसं. भाऊजी, भाचा नीलेश, पल्लवी, तिच्या शेजारी नात. पांढऱ्या कागदावर जाड स्केचपेननं लिहिलं : सहा ते सात शांतता. हाक मारू नये. हात लावू नये. तो कागद ताईच्या खोलीच्या दाराला चिकटवला. तरी भाऊजी हसत होते. ते ऐकणारे नाहीत हे मला दिसत होतं. म्हणून मी एक वाक्य आणखी बोललो. "ध्यानात बसलेल्या माणसाले अचानक हात लावला ना, तर झटका बसते. माणूस दगावू शकते." हे मी कुठंही वाचलेलं नव्हतं. प्रशिक्षणाला माझ्या शेजारी बसणाऱ्या एका गुरुजींनी चहा पिता पिता सांगितलं होतं, आणि तेव्हा मी स्वतः त्यांची टिंगल केली होती. पण त्या दिवशी ते कामाला आलं. भाऊजींचं हसू गेलं. पल्लवीनं नातीचा हात धरून तिला मागे ओढलं.

त्यानंतर सहा ते सात या वेळेत मी त्या घरात दोन-तीनदा होतो. काय शांतता असायची... नळ बारीक सोडलेला, कुकर सातनंतर. नीलेश बोरगावच्या एका कंपनीत पहिल्या पाळीला जायचा, त्याची गाडी तो हातानं ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत न्यायचा आणि तिथं सुरू करायचा. नात तोंडावर बोट ठेवून फिरायची. बंद दाराआड ताई काय करते आहे, कशी आहे, याचा बाहेर काही पत्ता लागायचा नाही. मला त्या शांततेचा अभिमान वाटायचा. एखाद्या घरातून आवाज येणं बंद झालं तर आपण काळजी करतो. मी मात्र ते घर गप्प केलं होतं आणि त्याला शिस्त म्हणत होतो.

जाण्याच्या पंधरा दिवस आधी ताई सौंसरला आली होती. सहज, दोन दिवस राहायला. बसस्टँडवर मी घ्यायला गेलो. तिथून आमचं घर पायी दहा मिनिटं, पण त्या वाटेत ती दोनदा थांबली. दुसऱ्यांदा एका दुकानाच्या पायरीवर बसलीच. थंडीचे दिवस होते आणि तिच्या कपाळावर घाम होता. मी बाटलीतून पाणी दिलं. ती म्हणाली, "बंडू, हे येगळं हाय रे. डाव्या खांद्यातून निघते अन् वर जबड्यापर्यंत येते. श्वास मोजला, पाढा म्हटला... कमीच होऊन नाही राहिलं." मी काय म्हणालो असेन? खेळाचा मास्तर म्हणतो तेच. तू मोजण्यात चुकत असशील. वय झालं, अंग आखडतं. वेळ वाढव. अर्ध्या तासाचा पाऊण तास कर, पाऊण तासाचा तास कर. ताई गुडघ्यावर हात ठेवून उठत म्हणाली, "तू म्हणतं तर बरोबरच असन." लहानपणी जिच्या ओढणीचं टोक धरून मी चालायचो, ती त्या दिवशी माझा हात धरून घरापर्यंत आली.

घरी सुनंदानं ते ऐकलं. पोळी लाटता लाटता तिनं लाटणं खाली ठेवलं. "ताई, एकदा नागपूरले दाखवून घ्या ना. मी येते तुमच्यासंगं. परवाच जाऊ." ताई काही बोलायच्या आत मीच बोललो. "झालं, लावलं हिनं. इतक्या मुश्किलीनं त्या दवाखान्यांतून बाहेर काढलं तिले अन् तू परत तिथंच ढकल." सुनंदानं माझ्याकडे पाहिलं, लाटणं उचललं आणि पुढची पोळी लाटायला घेतली. ताई दोन दिवस राहिली, बोलली, हसली, आमच्या अंगणातल्या तुळशीची पिवळी पानं खुडत बसली. जाताना बसच्या खिडकीतून हात काढून म्हणाली, "करतो मी तासभर. पाहतो." ती शेवटची भेट.

आम्ही पांढुर्ण्याला पोचलो तेव्हा तिला खाली घेतलं होतं. पल्लवीनं मला नंतर दाखवलं कसं होतं ते. खुर्ची कोपऱ्यात, दोन्ही बाजूंनी भिंत, पाठीला उशी, अंगावर शाल. मान खाली, हात मांडीवर. कोणीही पाहिलं तर म्हणालं असतं, बाई ध्यानात आहे. डॉक्टर येऊन गेले होते. हृदयाचा झटका, म्हणाले. केव्हा आला असेल या प्रश्नावर ते म्हणाले की तसं नक्की सांगता येणार नाही, पण बराच वेळ झाला असावा. ते उत्तर ऐकून मला हायसं वाटलं. हेही लिहून टाकतो. बराच वेळ, म्हणजे फोनच्या आधीच. म्हणजे माझ्या दहा मिनिटांचा काही संबंध नाही. मी मनात हा हिशेब ताई समोर ठेवलेली असताना केला. पंधरा दिवसांचा हिशेब मात्र मी करायला धजलो नाही.

पुढचे दिवस विचित्र होते. जो येईल तो हात जोडून म्हणे, किती भाग्यवान, ध्यानात गेल्या. समाधीच लागली म्हणायची. कोणी माझ्या पाया पडलं, कारण ताईला ध्यान मी शिकवलं होतं. मी कोणाला अडवलं नाही. आणि त्याच वेळी आतल्या खोलीत बायांचं दुसरं बोलणं सुरू होतं. तेरवीच्या दिवशी मी पाणी प्यायला आत गेलो तेव्हा ते माझ्या कानावर पडलं. "सून घरातच होती म्हणते. दीड तास सासू खुर्चीत अन् हिले पत्ता नाही. मोबाईलवर असन." पल्लवी तिथंच होती, पाठमोरी, पंगतीसाठी द्रोण मोजत होती. तिनं ते ऐकलं हे मला तिच्या मानेवरून कळलं. मी तिथं बोलायला पाहिजे होतं. नुसतं एवढंच म्हणायचं होतं की तिनं मला विचारलं होतं, मी नाही म्हणालो. मी पाण्याचा पेला ठेवला आणि बाहेर पुरुषांच्या पंगतीला जाऊन बसलो. जेवलोसुद्धा.

सौंसरला वर्ग वाढला. ताईची गोष्ट पसरली होती, आणि पसरताना ती आणखी सुंदर झाली होती. सरांच्या बहिणीला समाधी लागली, तेज होतं म्हणे चेहऱ्यावर. नवी माणसं आली, भवनात सतरंज्या कमी पडायला लागल्या. कोणीतरी ताईचा फोटो समोर ठेवायची कल्पना काढली. मी बघू म्हणालो. रोज पहाटे मी त्या सगळ्यांना डोळे मिटायला सांगायचो आणि मिटलेल्या डोळ्यांच्या त्या रांगांसमोर उभा राहायचो. कोण श्वास घेतंय आणि कोण नाही, हे बसल्या माणसाकडे बघून कळत नाही. मी उघड्या डोळ्यांनी एकेकाची छाती हलते का ते बघत फिरायचो. लोकांना वाटायचं, सर आमच्यावर लक्ष ठेवतात.

मागच्या आठवड्यात वर्ग संपल्यावर वत्सलाबाई थांबल्या. मूळच्या रामाकोन्याच्या, आता इथं मुलाकडे राहतात, सत्तरीच्या आसपास. पदरानं मान पुसत म्हणाल्या, "सर, मले पायऱ्या चढताना छातीत दाबल्यासारखं होते. हात जड पडते. कालपासून जास्तच हाय. मी घरी वेळ वाढवू का? तुमच्या ताई तासभर बसत होत्या म्हणते..." मी त्यांना तिथंच बाकावर बसवलं, मुलाला फोन केला, आणि तो आल्यावर आम्ही दोघं त्यांना घेऊन दवाखान्यात गेलो. तिथून त्यांना त्याच दुपारी नागपूरला नेलं. आता त्या बऱ्या आहेत, घरी परतल्या आहेत. मुलगा मला देवमाणूस म्हणाला. मी त्याच्याकडे पाठ करून उभा राहिलो, कारण मला रडू आवरत नव्हतं. इतकं सोपं होतं ते. एक फोन, एक गाडी. माझ्या स्वतःच्या बहिणीला मी पायरीवरून उठवून चालत घरी आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सगळ्यांना सांगितलं की ताईला समाधी लागली नव्हती. तिला हृदयाचा झटका आला होता आणि तिनं त्याची खूण मला पंधरा दिवस आधी सांगितली होती. श्वास मोजा, जरूर मोजा, पण छाती, खांदा, जबडा दुखत असेल तर आधी दवाखाना. हात लावल्यानं कोणाला काही होत नाही, हेही सांगितलं. काही जण उठून गेले. फोटोचा विषय परत निघाला नाही. तिथून मी गाडी काढली आणि एकटाच पांढुर्ण्याला गेलो.

घरी भाऊजी आणि पल्लवी दोघंच होते. नात शाळेत, नीलेश कामावर. ताईच्या खोलीला दार नव्हतं. बिजागऱ्या तेवढ्या चौकटीला होत्या आणि दाराचं पल्लं अंगणात भिंतीला टेकवून ठेवलं होतं. पल्लवीनं सुताराला बोलावून काढून घेतलं, भाऊजी म्हणाले. त्यांनी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. मी पल्लवीला बाहेर बोलावलं आणि उभ्यानंच भाऊजींना सांगून टाकलं की त्या दिवशी हिनं मला फोन केला होता, हात लावू का विचारलं होतं, मी नको म्हणालो. दहा मिनिटं थांबवलं. हात लावला की झटका बसतो, हीही मीच घातलेली भीती होती. आणि पायरीवरचंही सांगितलं, खांदा, जबडा, सगळं.

भाऊजींनी चष्मा काढून पुसला. "फोनचं मले माहीत हाय," ते म्हणाले. "मी तिच्या बाजूलेच उभा होतो. तुहा आवाज बाहेर येऊन राहिला होता." चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "तुह्या आधी मीच नाही म्हटलं होतं, बंडू. सातलेच हिनं मले विचारलं, बाबा, हाक मारू का? मी दार जरासं लोटून पाह्यलं. मान खाली घालून बसली होती. इतक्या वर्षांत मी तिले इतकी निवांत बसलेली कधी पाह्यली नव्हती रे... मले मोडावं वाटलं नाही. मग सव्वासातले हिनं परत विचारलं. परत नाही म्हटलं. तवा हिनं तुले फोन लावला."

"मग लोक हिले बोलून राहिले होते तवा तुम्ही काहून नाही सांगतलं?" मी विचारलं.

"तू काहून नाही सांगतलं?" भाऊजी म्हणाले.

पल्लवी स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी होती. आमच्या दोघांपैकी कोणाकडेच ती बघत नव्हती. "तुमच्या फोननंतर मी पाच मिनिटं मोजली," ती म्हणाली. "दहा नाही झाली माह्याच्यानं. आत गेली अन् हात लावला. झटका बसन म्हणून डोळे मिटून लावला मी, मामाजी. माह्यामुळं काही झालं तर, असं वाटून राहिलं होतं. गार होता हात." तिनं तो हात दुसऱ्या हातात धरला. "तेव्हापासून तेच वाटते. का मीच उशीर केला."

मी म्हणालो, नीलेशला सांगतो, घरातल्या सगळ्यांना बोलावून सांगतो. तिनं मान हलवली. "घरात सांगून काय होते? ज्या बोलल्या त्या घरात नाही राहत. तुम्ही पेपरच्या रविवारच्या पुरवणीत लिहिता ना व्यायामाचं. आईवर लिहानच तुम्ही. त्याच्यात लिहा हे. माह्यं नाव घेऊन लिहा." एवढं बोलून ती चहा ठेवायला आत गेली.

म्हणून लिहिलं. माझ्या बहिणीच्या घरात त्या सकाळी पल्लवीनं तीन वेळा विचारलं, दोनदा सासऱ्याला आणि एकदा मला, आणि आम्ही दोघांनी तिला तीनही वेळा नाही म्हटलं. शेवटी आमचं न ऐकता आत गेली ती तीच. तेरवीला ज्यांनी ज्यांनी त्या घरात जेवण केलं त्यांनी हे वाचावं. ताईबद्दल मला आणखी पुष्कळ लिहायचं होतं, पण ती असती तर तिनंही आधी हेच लिहायला लावलं असतं.

त्या दिवशी पल्लवी चहा ठेवायला आत गेली तेव्हा आम्ही दोघं बाहेर बसलो होतो. आतून पल्लवीची हाक आली. "बाबा?" भाऊजी म्हणाले, "हाव." मला वाटलं तिला काही हवं असेल, मी उठायला लागलो. भाऊजींनी हातानं खाली बसवलं. "काही नाही. ते तसंच हाय आता. दर थोड्या वेळानं मारते. मी झोपलो असलो तरी उठवते. नीलेश न्हाणीत असला की दार वाजवते. पोरगीसुद्धा सवयीची झाली, अभ्यास करता करता हाव म्हणते." ते रागानं सांगत नव्हते. आतून भांड्याचा आवाज आला, मग तोही थांबला. चहा उकळायला लागला असावा. मी दार नसलेल्या त्या खोलीकडे बघत होतो.

"मामाजी?"

मला ते आपल्याला आहे हे कळायला क्षणभर उशीर लागला. तेवढ्यात पल्लवी हातात पकड तशीच धरून दारात येऊन उभी राहिली होती. चेहरा पांढराफटक. मी "हाव, हाय मी," म्हणालो, तरी ती लगेच हलली नाही. माझी छाती वरखाली होताना तिनं पाहिली आणि मग चहा उतरवायला आत गेली.